दप्तर, दिवाण आणि अर्जदार

नाशिकच्या एका सरकारी कार्यालयात जुन्या खरेदीखताची नक्कल मिळवण्यासाठी आम्ही रांगेत उभे होतो. पुढे उभ्या असलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी मागे वळून, ‘मास्तर, एवढं वाचून सांगता का?’ म्हणून एक घडी घातलेला कागद आमच्या हाती दिला. आमच्या चेहऱ्यावरचे मास्तरपण इतक्या लांबून ओळखू यावे याचे आम्हांला आता वाईट वाटेनासे झाले आहे. कागद मराठीत होता. संदर्भाधीन अर्जाच्या अनुषंगाने सदर प्रकरण उचित कार्यवाहीस्तव सक्षम प्राधिकाऱ्याकडे अग्रेषित करण्यात आले असून त्याबाबत यथावकाश कळविण्यात येईल, असा त्याचा मजकूर. आम्ही तो स्वच्छ उच्चारांत वाचून दाखवला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, ‘हे झालं वाचून. आता मराठीत सांगा.’

मराठीच्या अध्यापनात उमेद घालवलेल्या माणसाला याहून नेमका प्रश्न कोणी विचारला नसेल. उत्तर सुचेना म्हणून आम्ही खिडक्यांवरच्या पाट्या वाचू लागलो. अर्ज, नक्कल, दाखला, तक्रार, महसूल, तहसील. रांग पुढे सरकत होती (सरकत नव्हती, हे अधिक खरे) आणि आमच्या लक्षात येत गेले, की या पाट्यांवरचा जवळजवळ प्रत्येक शब्द मूळचा अरबी आहे. ज्या तालुक्यात आम्ही उभे होतो तो तालुका, तो ज्या जिल्ह्यात येतो तो जिल्हा, ज्याच्या आधारे आम्हांला नक्कल मिळणार होती तो कायदा, तिच्यावर पडणारी तारीख आणि ती मिळण्याची मुदत, हे सगळे अरबीच. या शब्दांचे मूळ अर्थ पाहिले तर गंमत वाटते. ‘तक्रार’ म्हणजे अरबीत पुनरावृत्ती. एकदा सांगून भागत नाही, ती तक्रार. ‘मंजूर’ म्हणजे पाहिलेला. साहेबाची नजर कागदावर पडली की काम झाले, हा अर्थ त्या शब्दात आमच्याकडे येऊन रुजला. आणि ‘दफ्तर’ या शब्दाच्या मुळाशी तर कातड्याला असलेला ग्रीक शब्द आहे. ग्रीकांचे कातडे अरबांची नोंदवही झाले, इराण्यांकडून दख्खनेत येऊन पेशव्यांचे दफ्तर झाले आणि आज ते ‘दप्तर’ होऊन शाळकरी पोरांच्या पाठीवर बसले आहे.

शब्दांच्या या प्रवासाची गोष्ट ही कारभाराच्या सुधारणांचीही गोष्ट आहे. आमच्या प्रदेशात राज्यकर्त्यांनी कारभार सुधारायचे मनावर घेतले, की बहुधा आधी कारभाराची भाषा बदलली. खिडकीपलीकडचे वळण त्यामुळे कितपत बदलले, हा आमच्यापुढचा प्रश्न आहे.

आरंभ अरबांपासूनच करावा लागतो. खलीफा उमर यांच्या काळात, सातव्या शतकाच्या पूर्वार्धात, सैनिकांच्या वेतनाच्या याद्या ठेवण्यासाठी ‘दिवाण’ उभा राहिला. या शब्दाची एक व्युत्पत्ती इब्न खल्दूनने नोंदवली आहे. इराणच्या बादशहाने आपल्या हिशेबनीसांना स्वतःशी पुटपुटत बेरजा करताना पाहिले आणि यांना भूतबाधा झाली आहे असे तो म्हणाला; ‘देव’ म्हणजे फारसीत सैतान, त्यावरून दिवाण. व्युत्पत्ती बहुधा कल्पितच, पण रांगेत उभे असताना ती पटण्याजोगी वाटते. पुढे याच शब्दाचा अर्थ कवितासंग्रह असाही झाला. आकडेमोडीची वही आणि गझलांची वही यांना एकच नाव देणारी संस्कृती कारकुनाकडे तुच्छतेने पाहत नसावी. अरबी गद्याच्या आद्य शिल्पकारांत ज्याचे नाव घेतात तो अब्द अल-हमीद हा एका खलीफाच्या दरबारातला लेखनिक होता, आणि आपल्या व्यवसायबंधूंना त्याने लिहिलेले उपदेशपर पत्र हे त्या गद्याचे मान्यवर उदाहरण समजले जाते. आमच्याकडे तरी निराळे काय झाले? सभासद, चिटणीस, अमात्य ही बखरींच्या आणि आज्ञापत्राच्या कर्त्यांची नावे दरबारातल्या हुद्द्यांवरूनच ओळखली जातात. मराठी गद्याचा मोठा भाग दफ्तरात जन्मला, हे वाङ्मयेतिहास शिकवताना आम्ही सांगतो, पण फार वेळ तिथे थांबत नाही.

अरबांनी सीरिया, इराक, इजिप्त जिंकले तरी पन्नास-साठ वर्षे तिथले हिशेब पूर्वीचेच कारकून पूर्वीच्याच भाषांत ठेवत राहिले. सीरियात ग्रीक, इराकात फारसी. खलीफा अब्द अल-मलिक (कारकीर्द ६८५–७०५) याने हे दिवाण अरबीत आणले. नवव्या शतकातल्या अल-बलाधुरीने त्याची जी हकिकत सांगितली आहे ती कोणत्याही प्रशासन-शास्त्राच्या पाठ्यपुस्तकाहून बोलकी आहे. दौतीत घालायला पाणी हाताशी नव्हते म्हणून एका ग्रीक कारकुनाने दौतीत लघुशंका केली. खलीफाच्या कानावर ते गेले, त्याने कारकुनाला शिक्षा केली आणि हिशेब अरबीत करण्याचा हुकूम सोडला. एवढ्या मोठ्या सुधारणेचे निमित्त इतके क्षुद्र असेल का, ते सोडून देऊ. इराकचा प्रसंग अधिक महत्त्वाचा आहे. तिथे सालिह नावाच्या, दोन्ही भाषा जाणणाऱ्या कारकुनाने हे काम अंगावर घेतले, तेव्हा जुन्या फारसी प्रमुखाच्या मुलाने त्याला अपूर्णांकांविषयी विचारले : दहाव्या आणि विसाव्या हिश्शाला आमच्याकडे शब्द आहेत, तू काय लिहिशील? सालिहने अरबी पर्याय सांगितले. मग त्याला एक लाख दिरहम देऊ करण्यात आले. एवढेच म्हण, की हे मला जमत नाही. त्याने ते नाकारले आणि दिवाण अरबी झाला.

या कथेत प्रशासनाच्या संस्कृतीचे मर्म सापडते असे आम्हांला वाटते. जुन्या कारकुनांनी बंड केले नाही, हुकूम झुगारला नाही. हे काम अवघड आहे, बाहेरच्याला कळणारे नाही, इतकेच त्यांना सिद्ध करायचे होते. त्यांची पोळी त्या अवघडपणावर भाजत होती. आणि सालिह कोण? त्यांच्याच हाताखाली तयार झालेला माणूस. भाषा अरबी झाली, पण कर मोजण्याची रीत, वह्यांची मांडणी, कारकुनाचा हुद्दा आणि रयतेने दाराशी उभे राहण्याची तऱ्हा या सालिहनेही जुन्याच चालू ठेवल्या असणार.

हीच गोष्ट आठशे वर्षांनी दख्खनेत घडली. बहमनी राज्यापासून दरबारची भाषा फारसी. तिच्यातूनच अरबी शब्दांचा हा लोंढा आला. विजापूरच्या पहिल्या इब्राहिम आदिलशहाने (कारकीर्द १५३४–५८) जमाखर्च फारसीऐवजी देशी भाषेत ठेवण्याची पद्धत घातली आणि त्यासाठी ब्राह्मण कारकून नेमले, असे फरिश्ता सांगतो. मराठी गावगाड्याच्या हिशेबात आली ती अशी. पण ती येताना नखशिखान्त फारसी-अरबी लेणी घालून आली. क्रियापद मराठी, बाकी सारे परके, अशा वाक्यांची पत्रे सतराव्या शतकात सर्रास सापडतात.

शिवाजी महाराजांनी राज्याभिषेकाच्या सुमारास करवून घेतलेला ‘राज्यव्यवहारकोश’ या पार्श्वभूमीवर पाहायला हवा. दहा वर्ग, सुमारे १,३८० शब्द. प्रत्येक यावनी शब्दाला संस्कृत पर्याय. मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव, वाकनिसाचा मंत्री, डबिराचा सुमंत, सरनौबताचा सेनापती. त्यामागचा स्वाभिमान खरा होता आणि त्याचा परिणामही झाला. पत्रव्यवहारातले फारसी शब्दांचे प्रमाण पुढे कसे घटत गेले ते राजवाड्यांनी दाखवून दिले आहे. तरी इतिहासाचा विनोद पाहा. कोशाने ज्याला प्रधान केले तो पुढच्या शतकभर ‘पेशवा’ या फारसी नावानेच राज्य करीत राहिला, आणि त्याच्या पुण्यात हिशेब फडणिसाच्या हाती होता. राजाने दिलेले शब्द सिंहासनाजवळ राहिले. मामलेदार, दाखला, वसूल, हुकूम हे रयतेच्या तोंडचे शब्द हलले नाहीत, कारण रयतेचे काम त्यांच्यावाचून होत नव्हते.

दफ्तराबद्दल रयतेला नेमके काय वाटत होते, याचा पुरावा आमच्या मते नाशिकच्या शेजारीच आहे. गंगापूर रस्त्याने गेले की आनंदवल्ली लागते. आता ती शहरात मिसळून गेली आहे. राघोबादादांनी इथे वाडा बांधला आणि जुन्या चौंधसचे नाव बदलले. १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि आनंदीबाईंनी ‘धरावे’चे ‘मारावे’ केले, ही कथा घरोघर पोचली. ती इतिहास म्हणून टिकत नाही, असे बहुतेक अभ्यासक सांगतील. पण लोकांनी ती अडीचशे वर्षे सांभाळली, कारण ती कागदाविषयीची आहे. एक अक्षर बदलते आणि माणूस मरतो; अक्षर कोणी बदलले ते कळत नाही. मजकुराच्या शेवटी मोर्तब उठवण्याची पद्धत याच भीतीपोटी : इथे लेखन संपले, यापुढे कोणी काही घुसडू नये. ‘ध चा मा’ हा वाक्प्रचार झाला, हीच रयतेने दफ्तराला दिलेली पावती.

१८१८ मध्ये इंग्रज आले; १८६९ मध्ये नाशिक हा स्वतंत्र जिल्हा झाला. इंग्रजी अमदानीच्या सुधारणांचा पसारा मोठा आहे, त्यातली एकच सांगतो. महसूल खात्यातले एक इंग्रज अधिकारी एफ. जी. एच. अँडरसन यांनी गावच्या हिशेबाचे नमुने एकापुढे एक आकडे घालून बसवले. सहावा नमुना फेरफारांचा, सातवा हक्कांचा, बारावा पिकांचा. त्यांनी कोणताही शब्द घडवला नाही, फक्त क्रमांक दिले. आणि सातव्या व बाराव्या नमुन्यांचा मिळून ‘सातबारा’ हा मराठीतला बहुधा सर्वांत जिवंत प्रशासकीय शब्द तयार झाला. तो कोणत्याही कोशकाराने सुचवला नव्हता. शेतकऱ्याला आपली जमीन कोणत्या कागदावर आहे हे त्या दोन आकड्यांत सांगता येऊ लागले, म्हणून तो टिकला. पंडितांच्या परिभाषेला जे साधले नाही ते आकड्यांना का साधले, हे परिभाषेच्या वर्गात चर्चेला घेण्यासारखे आहे.

भाषा जाणणारा साहेब मिळाला तर? तेही नाशिकने पाहिले. जिल्हाधिकारी ए. एम. टी. जॅक्सन हे संस्कृतचे जाणकार. लोक त्यांना पंडित जॅक्सन म्हणत. त्यांनी गोळा केलेली लोककथा-लोकाचारांची सामग्री त्यांच्या मृत्यूनंतर एन्थोवेन यांनी प्रसिद्ध केली. त्यांच्याच कारकिर्दीत, १९०९ मध्ये, बाबाराव सावरकरांवर कविता छापल्याबद्दल खटला झाला आणि जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. त्याच वर्षी २१ डिसेंबरला, बदलीच्या निरोपानिमित्त विजयानंद नाट्यगृहात चाललेल्या ‘शारदा’ नाटकाच्या वेळी, अनंत कान्हेरे यांनी जॅक्सन यांना गोळ्या घातल्या. या प्रसंगाचे राजकीय अर्थ पुष्कळांनी लावले आहेत. आम्हांला एवढेच दिसते, की प्रजेच्या जुन्या कथा आस्थेने जमवणारी आणि तिच्या नव्या कविता गुन्हा म्हणून नोंदवणारी कचेरी एकच होती, आणि तिच्या कारभाराला त्यात विसंगत काहीच वाटले नाही.

बाबारावांचे धाकटे बंधू नाशिकजवळच्या भगूरचेच. त्यांनी पुढे भाषाशुद्धीची चळवळ केली आणि ‘तारीख’ जाऊन ‘दिनांक’ आला. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य झाले, भाषा संचालनालय निघाले, १९६२ मध्ये ‘पदनाम कोश’ प्रसिद्ध झाला आणि आचार्य अत्र्यांनी त्याला ‘बदनाम कोश’ म्हटले. १९६४ च्या राजभाषा अधिनियमाने मराठी शासनाची भाषा झाली. अत्र्यांच्या टिंगलीत आम्ही विद्यार्थिदशेत मनापासून सामील होतो. आज थोडे सावरून बोलावेसे वाटते. अभियंता, संचालक, आयुक्त हे शब्द तेव्हा हास्यास्पद वाटले आणि आता कोणाला खटकत नाहीत. शब्द रुळतात. न रुळणारी गोष्ट निराळी आहे : ते वाक्य.

वर दिलेल्या पत्रातल्या वाक्याकडे पुन्हा पाहावे. ‘अग्रेषित’, ‘प्राधिकारी’ हे शब्द काढून सोपे घातले तरी त्याचा स्वभाव बदलत नाही. पाठवण्यात आले, कळविण्यात येईल. कोणी पाठवले? कोण कळवणार? कधी? मराठीचा कर्मणी प्रयोग एरवी किती सहज आणि घरगुती आहे! ‘मी आंबा खाल्ला’ यात कर्ता समोर उभा असतो. सरकारी ‘करण्यात येते’मध्ये कर्त्याला जागाच ठेवलेली नाही. इंग्रजी मसुद्यांच्या छायेत हे वाक्य वाढले हे खरे, पण ते टिकले ते उपयोगी होते म्हणून. त्यात काम होते, करणारा नसतो. म्हणून उशीर होतो, पण तो कोणाचाच नसतो. कुसुमाग्रजांनी नाशिकमधून आयुष्यभर मराठीची बाजू मांडली. मुकुट घातलेली पण फाटक्या वस्त्रांतली मराठी मंत्रालयाच्या दाराशी उभी आहे, या आशयाचे त्यांचे उद्गार वारंवार सांगितले जातात. आमचे भय थोडे पुढचे आहे. मराठी आत गेली, खुर्चीवर बसली आणि खिडकीबाहेरच्याशी तशीच बोलू लागली.

भाषेला हात न लावता कारभार बदलण्याचा एक गंभीर प्रयत्न नाशिकच्या शेजारच्या जिल्ह्यात झाला. १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात अहमदनगरचे (आताचे अहिल्यानगर) जिल्हाधिकारी अनिलकुमार लखीना यांनी आपले कार्यालय मुळापासून लावले. पुढे राज्याने ती पद्धत स्वीकारली आणि सरकारी माणसे आजही तिला ‘लखीना पद्धत’ म्हणतात. तिचा गाभा म्हणजे सहा गठ्ठे. प्रत्येक कारकुनाच्या टेबलावरचे कागद सहाच ठिकाणी असू शकतात : काम करायचे बाकी असलेली प्रकरणे, दुसऱ्याच्या उत्तराची वाट पाहणारी, म्हणजे प्रतीक्षाधीन प्रकरणे, ठरावीक मुदतीने पाठवायची नियतकालिके, स्थायी आदेशांच्या संचिका, अभिलेख कक्षात जायचे कागद, आणि नष्ट करायचे कागद. कोणाचे काम कोणते, हे लिहून ठेवलेले. वर्षानुवर्षांची धूळ बसलेली कापडी बासने सोडवून वर्ग लावले गेले. यात थोर तत्त्वज्ञान काही नाही, हेच तिचे मोठेपण. कारकून रजेवर गेला तरी शेजारच्याने कागद काढून द्यावा, इतकी साधी ही अपेक्षा आहे. पण इराकच्या फारसी कारकुनांनी ज्या अवघडपणासाठी लाख दिरहम देऊ केले होते, नेमका तोच अवघडपणा ही पद्धत मोडते.

पद्धत मात्र पुष्कळ ठिकाणी कपाटावरच्या सहा चिठ्ठ्यांपुरती उरली. ज्यांनी कार्यालये आतून पाहिली आहेत ते सांगतात, की पहिला गठ्ठा लहान आणि दुसरा मोठा होत जातो. जो कागद निकाली काढायचा नसतो, त्यावर दुसऱ्या कार्यालयाकडे एक पत्र पाठवायचे. मग तो ‘प्रतीक्षाधीन’ होतो, आणि प्रतीक्षा हा कोणाचाच दोष नसतो. व्याकरणात जे ‘करण्यात येते’, तेच टेबलावर प्रतीक्षाधीन. वाक्याने लपवलेला कर्ता या गठ्ठ्यात बसलेला असतो. म्हणून भाषेची सुधारणा आणि कारभाराची सुधारणा या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, असे आम्हांला वाटत नाही. मात्र आजवर आपण शब्दांत शोधले ते वाक्यरचनेत होते.

इजिप्तमध्ये या विषयावर चांगले साहित्य निर्माण झाले आहे. नगीब महफूज स्वतः अनेक वर्षे सरकारी नोकर होते. ‘हज़रत अल-मुहतरम’ (१९७५) या त्यांच्या कादंबरीचा नायक अभिलेख विभागातला कनिष्ठ कारकून आहे आणि महासंचालकाच्या खुर्चीकडे तो भक्त देवाकडे पाहतो तसा पाहतो. सगळे आयुष्य त्या पायऱ्या चढण्यात जाते. तौफिक अल-हकीम यांनी १९३७ मध्ये खेड्यातल्या सरकारी वकिलाची रोजनिशी लिहिली. तिच्यात कायद्याची परकी भाषा आणि फलाहांचे न कळणे यांचा विनोद हसता हसता बोचतो. आमच्याकडे विश्वास पाटलांची ‘झाडाझडती’ (१९९१) धरणग्रस्तांच्या बाजूने कचेरीकडे पाहते, आणि ती एका शासकीय अधिकाऱ्याने लिहिली आहे, हे विशेष. पण टेबलामागे बसलेल्या माणसाच्या आत शिरणारी, त्याचा भयगंड, त्याची बढती, त्याची सावधगिरी समजून घेणारी महफूजसारखी कादंबरी आम्हांला मराठीत हवी आहे. त्याला खलनायक केले की विषय संपतो. तोही घरी कोणत्या ना कोणत्या कार्यालयाचा अर्जदारच असतो.

अलीकडच्या कायद्यांनी मात्र एक नवी गोष्ट केली. महाराष्ट्राने २००२ मध्ये आणि देशाने २००५ मध्ये माहितीच्या अधिकाराचा कायदा केला. विलंबाला प्रतिबंध करणाऱ्या राज्याच्या कायद्याने कोणतीही नस्ती एका टेबलावर सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा अधिक राहू नये असे ठरवले. २०१५ मध्ये लोकसेवा हक्क अधिनियम आला. अंमलबजावणीविषयी तक्रारी पुष्कळ आहेत (आणि तक्रार म्हणजे पुनरावृत्ती, हे वर आलेच आहे). परंतु माहिती अधिकारी, त्याचे नाव, त्याला तीस दिवस, अशी रचना करताना या कायद्यांना वाक्यात कर्ता आणावा लागला. अब्द अल-मलिकपासून पदनाम कोशापर्यंत कोणाही सुधारकाने अर्जदाराला प्रश्न विचारण्याची जागा दिली नव्हती. ती दिल्यावर काय होते, हे अजून पुरते पाहायचे आहे.

रांगेतल्या त्या गृहस्थांना आम्ही शेवटी मराठीत सांगितले, की तुमचा कागद इथून दुसऱ्या हापिसात गेला आहे. ते म्हणाले, ‘कुणाकडे?’ आम्ही पत्र पुन्हा वाचले. नाव नव्हते, कार्यालय नव्हते. सहीच्या वर, डाव्या कोपऱ्यात जावक क्रमांक आणि दिनांक मात्र होता. तो आम्ही त्यांच्या एस.टी.च्या तिकिटामागे मोठ्या आकड्यांत लिहून दिला आणि सांगितले, की दुसरे काही बोलू नका, आवक-जावकच्या खिडकीवर हा आकडा दाखवा आणि हा कागद कोणत्या टेबलाला गेला तेवढे विचारा. त्यांनी तो आकडा दोनदा मोठ्याने म्हणून पाहिला, तिकीट टोपीत ठेवले आणि रांग सोडून त्या खिडकीकडे गेले.